भूगोलाच्या बाईंना विचारा : रनोंगचा पाऊस, रनोंगचा कलेक्टर

मे महिन्याच्या अंकात 'मान्सून अंदमानात दाखल' या बातमीचा अर्थ सांगताना मी एक वाक्य लिहिलं होतं. अंदमान समुद्राच्या पलीकडच्या काठावर थायलंडचा रनोंग नावाचा प्रांत आहे आणि आपल्याकडं मोगडणीच्या पाळ्या चालू असतात तेव्हा तिथल्या पन्हाळी वाहू लागलेल्या असतात, असं ते वाक्य. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातली चार या वेळी घेतली आहेत. पहिल्या पत्राला जागा जास्त दिली आहे, कारण त्या पत्रामागं एक बाप आहे.

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. तुम्ही ज्या रनोंगचं नाव लिहिलं तिथंच सध्या माझी लेक आहे. खाडीतल्या खारफुटीच्या झाडांचा अभ्यास करायला गेली आहे, दीड वर्ष राहणार. फोनवर सांगते, बाबा, इथं आठ महिने पाऊस अन् चार महिने ऊन. मला ते पटत नाही. आमच्या लातूरला 2016 साली रेल्वेनं पाणी आणलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. दुसरं असं, की रनोंग हे गाव आहे का जिल्हा? तिथं कलेक्टर, तहसीलदार असतात का? परक्या मुलखात लेकीला काही अडचण आली तर तिनं कुणाच्या दारात जायचं? - एक शेतकरी, मुरुड (जि. लातूर)

उत्तर : भाऊ, लेक खरं सांगते आहे. 'फोन पेत, दॅत सी' अशी तिथली म्हणच आहे. पाऊस आठ, ऊन चार. रनोंगच्या माणसानं आपल्या गावाची ओळख सांगताना पहिल्यांदा हेच सांगावं इतकी ती तोंडात बसलेली आहे. वर्षाकाठी तिथं 4000 मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. आपल्या मराठवाड्याला चांगल्या वर्षी सातशेच्या आसपास मिळतो. म्हणजे आपला पाच-सहा वर्षांचा पाऊस तिथं एका वर्षात पडून जातो.

कारण ओळखीचंच आहे. नैर्ऋत्येकडून येणारा वारा समुद्रावरून भरून येतो आणि वाटेत डोंगराची भिंत लागली की त्याला वर चढावं लागतं. वर गेला की थंड होतो आणि ओझं खाली टाकतो. आपल्याकडं ही भिंत सह्याद्रीची. ती ओलांडून आलेल्या वाऱ्यात आपल्या वाट्याला जे उरतं त्यावर आपलं सोयाबीन आणि तूर. थायलंडचा दक्षिणेकडचा भाग हत्तीच्या सोंडेसारखा खाली लोंबतो, त्या सोंडेच्या मधोमध उत्तर-दक्षिण डोंगर आहेत. रनोंग त्या डोंगरांच्या पश्चिमेला, समुद्र आणि उतार यांच्यामध्ये अडकलेली चिंचोळी पट्टी आहे. म्हणजे ते तिकडचं कोकण झालं. मग डोंगरापलीकडचा चुंफोन प्रांत तिकडचा मराठवाडा का? तसं होत नाही. चुंफोनच्या पूर्वेला पुन्हा समुद्र आहे, थायलंडचं आखात. आपला मान्सून परतायला लागला की तिकडून ईशान्येचा वारा येतो आणि चुंफोनची बाजू भिजवतो. आपल्या पाठीशी असा दुसरा समुद्र नाही.

आता गाव का जिल्हा. रनोंग नावाचं शहरही आहे आणि त्याच नावाचा प्रांतही, जसं आपलं लातूर. प्रांताला थाई भाषेत 'चांगवात' म्हणतात. बँकॉक वगळून थायलंडमध्ये असे 76 आहेत. मी त्याला प्रांत म्हणते ते शब्दकोशात तसं आहे म्हणून. कामाच्या दृष्टीनं तो आपल्या जिल्ह्याच्या जवळ जातो. रनोंगचं क्षेत्रफळ सुमारे 3,300 चौरस किलोमीटर, म्हणजे लातूर जिल्ह्याच्या निम्म्याहून कमी. लोकसंख्या दोन लाखांच्याही आत. 2011 च्या जनगणनेत एकट्या लातूर शहरात पावणेचार लाखांवर माणसं मोजली गेली होती. डोंगर, जंगल आणि खाडी यांतून उरलेल्या जागेत रनोंगची माणसं राहतात.

नकाशा समोर घ्या. मी शिकवत होते त्या शाळेत आशियाचा कापडी नकाशा होता, काठीला गुंडाळून ठेवलेला. गुंडाळीची घडी नेमकी या सोंडेवर पडायची, त्यामुळं तिथला रंग उडून कापडाचे धागे दिसायचे. मुलांना मी बोटानं दाखवायचे. पश्चिमेला अंदमान समुद्र. वरच्या अंगाला क्राबुरी नदी, आणि तीच म्यानमारची सरहद्द. नदी समुद्राला मिळते तिथं मुख रुंद होत जातं. अलीकडं रनोंग शहर, पलीकडं म्यानमारचं काउथाउंग, इंग्रजांच्या काळचं व्हिक्टोरिया पॉइंट. लांब शेपटीच्या मोटारबोटीनं अर्ध्या तासाच्या आसपास लागतो. रनोंगच्या मासळीच्या कारखान्यांत आणि बोटींवर काम करणारे बरेचसे मजूर त्याच बाजूचे. पूर्वेला चुंफोन आणि सुरात थानी, दक्षिणेला फांग-न्गा. तुमची लेक ज्या खारफुटीत गुडघाभर चिखलात उभी राहते, तिथलं रनोंगचं जैवावरण क्षेत्र 1997 पासून युनेस्कोच्या यादीत आहे. डिसेंबर 2004 च्या त्सुनामीचा फटका बसलेल्या सहा थाई प्रांतांपैकी रनोंग एक, म्हणून किनाऱ्यावरच्या या झाडांचा अभ्यास तिथं महत्त्वाचा मानला जातो.

कलेक्टर असतो. त्याचं नाव 'फू वा रात्चकान चांगवात', म्हणजे प्रांताचा राज्यपाल. यातला 'रात्च' म्हणजे आपला 'राज', आणि 'रात्चकान' म्हणजे सरकारी कामकाज. त्याला बँकॉकचं गृह मंत्रालय नेमतं, बदलीही तेच करतं. लोक त्याला निवडून देत नाहीत. सगळ्या थायलंडमध्ये निवडून आलेला राज्यपाल फक्त बँकॉक शहराला आहे. चांगवातच्या खाली 'अम्फो', म्हणजे आपला तालुका, आणि त्याचा अधिकारी 'नाय अम्फो'. रनोंगमध्ये असे पाच आहेत: मुआंग रनोंग, ला-उन, कपो, क्राबुरी आणि सुक समरान. क्राबुरीतला 'बुरी' म्हणजे 'पुरी'. सुक समरानमधला 'सुक' म्हणजे आपला 'सुख'. अम्फोच्या खाली 'तांबोन', म्हणजे काही गावांचा गट, त्याचा प्रमुख कमनान. सगळ्यांत खाली गाव, 'मूबान', आणि गावाचा प्रमुख 'फू याय बान'. त्या शब्दाचा अर्थच गावातलं मोठं माणूस. ही माणसं मात्र गावचीच असतात. गावकरी मत देऊन फू याय बान ठरवतात, साठ वर्षांचा होईपर्यंत तो राहू शकतो, सरकारकडून त्याला मानधन मिळतं, गावातली भांडणं आधी त्याच्याकडं जातात. आपला पोलीस पाटील डोळ्यांसमोर आणा.

याला समांतर दुसरी शिडी आहे, निवडून आलेल्यांची. प्रांताची परिषद, शहरांच्या नगरपालिका आणि तांबोनची परिषद. आपल्याकडं कलेक्टर कचेरी एकीकडं आणि जिल्हा परिषद दुसरीकडं, तसंच. तांबोनच्या परिषदांना कायद्याचा आधार 1994 मध्ये मिळाला; आपली जिल्हा परिषद 1962 पासूनची. या बाबतीत आपण तीस वर्षं पुढं होतो, हे मला इथं मुद्दाम लिहावंसं वाटतं.

पण भाऊ, जिल्हा म्हणजे मुळात काय, हे रनोंगच्या इतिहासात फार स्वच्छ दिसतं, म्हणून थोडं मागं नेते. 'रनोंग' हे नाव 'रे नोंग' यावरून आलं असं तिकडं सांगतात, धातुकाचा जणू पूर आलेली जागा. धातुक कथिलाचं. आपल्या पितळेच्या भांड्यांना कल्हई लावतात ना, ते कथिल. डोंगरातल्या ग्रॅनाइटमध्ये ते असतं आणि इतक्या पावसानं झिजून नदीच्या गाळात येऊन बसतं, त्यामुळं गाळ धुतला तरी हाती लागतं. चीनच्या फुजियान भागातून पेनांगला आलेला खॉ सू चियांग नावाचा माणूस रनोंगला पोचला आणि 1844 साली त्याला तिथल्या कथिलाच्या वसुलीचा मक्ता मिळाला. ठरलेली रक्कम बँकॉकच्या राजाला भरायची, वर उरेल ते आपलं. काम त्यानं इतकं वाढवलं, की पुढं राजानं त्यालाच तिथला अधिपती केलं. म्हणजे मक्तेदाराचाच सुभेदार झाला. खाणींत राबायला चिनी मजूर येत गेले, 1876 साली त्यांचा दंगाही झाला. पण सत्ता घरातच राहिली, बापामागून मुलगा. त्या घराण्याला पुढं 'ना रनोंग' हे आडनाव मिळालं. 'ना' म्हणजे 'इथला'. मराठीत सांगायचं तर रनोंगकर. त्याच घरातला खॉ सिम बी पुढं क्राबुरी आणि त्रांगचा अधिपती झाला आणि त्रांगमध्ये त्यानं रबराची लागवड आणली. आज दक्षिण थायलंड रबरावर उभा आहे, त्याच्या मुळाशी तो आहे.

अशा अधिपतींना पगार नसे. मुलखातून जे येईल त्यातच त्यांचं भागे. या पद्धतीला थाई लोक 'किन मुआंग' म्हणत. 'किन' म्हणजे खाणं, 'मुआंग' म्हणजे मुलूख. मुलूख खाणं. हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मांडीवर तसंच ठेवून बराच वेळ बसले होते. माझे आजोबा वतनी पटवारी. त्यांच्याबद्दल गावात 'तीन पिढ्या वतन खातात' असंच म्हणायचे. त्यांचे कागद लाल रुमालात बांधलेले असत. आत मोडीतल्या नोंदी आणि कडेला उर्दूतले शेरे. रुमालाची गाठ सोडली की जुन्या कागदाचा आणि कडुलिंबाच्या पाल्याचा वास यायचा. मराठी आणि थाई या दोन भाषा एकमेकींना कधी भेटल्या नाहीत, पण मुलूख खाण्याला दोघींनी एकच क्रियापद वापरलं.

ते खाणं थांबवण्याचं कामही जवळजवळ एकाच काळात झालं. हैदराबाद संस्थानात तालुकदार हे वसुलीचे मक्तेदारच होते. संस्थानचे दिवाण पहिल्या सालारजंगांनी ते मक्ते मोडले, 1865 साली जिल्हाबंदी केली, म्हणजे मुलूख जिल्ह्यांत बांधला, आणि तालुकदार हा पगारी अधिकारी झाला. आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी कलेक्टरला 'अव्वल तालुकदार' हा शब्द होता तो त्यातूनच. सयाममध्ये, म्हणजे तेव्हाच्या थायलंडमध्ये, राजा चुलालोंगकोर्नचे भाऊ राजपुत्र दामरोंग 1892 मध्ये गृहमंत्री झाले. त्याआधी त्यांनी हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशातला इंग्रजांचा कारभार पाहिलेला होता. त्यांनी जुने मुलूख मोठ्या विभागांत बांधले आणि प्रत्येकावर पगारी आयुक्त बसवला. त्या विभागाचं नाव 'मोन्थोन', म्हणजे शुद्ध 'मंडल'. आपला मंडळ अधिकारी आठवा. त्या सगळ्या व्यवस्थेचं नाव 'थेसाफिबान', म्हणजे 'देशाभिपाल'. आपल्या देशमुख-देशपांड्यांतला 'देश' तोच. रनोंग तेव्हा फुकेतच्या मंडलात होतं. मंडलं 1933 मध्ये रद्द झाली, चांगवात राहिले.

एवढं सांगण्याचं कारण हे, की रनोंगचा आजचा राज्यपाल कुणाला उत्तर देतो ते यावरून कळतं. तो वर, बँकॉकला उत्तर देतो. तुमच्या लेकीच्या रोजच्या अडचणीला तो दूरचा आहे. तिनं आपल्या राहण्याच्या ठिकाणचा फू याय बान कोण ते विचारून ठेवावं आणि एकदा जाऊन हात जोडून ओळख करून घ्यावी. तिकडंही नमस्कार हात जोडूनच करतात, 'वाय' म्हणतात. खाडीतल्या गावात होडी मिळणं, भरतीच्या वेळा कळणं, कुठल्या वाटेनं जाऊ नये हे समजणं, सगळं तिथून होतं. व्हिसाचं काम रनोंग शहरातल्या इमिग्रेशन कचेरीत. परदेशी माणसानं दर 90 दिवसांनी राहण्याच्या पत्त्याची नोंद द्यायची असते, ती तारीख चुकवू नये. पोलीस 191, रुग्णवाहिका 1669, पर्यटक पोलीस 1155. या शेवटच्या क्रमांकावर इंग्रजीत बोलता येतं. आणि मोठं काही झालं तर बँकॉकमधला भारतीय दूतावास. रस्त्यानं बँकॉक साडेपाचशे किलोमीटरच्या वर आहे. रनोंगला रेल्वे नाही, जवळचं स्टेशन चुंफोन. विमानतळ लहानसा आहे. हे आकडे तुमच्या घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. लेकीकडं असतील, पण तुमच्याकडंही असावेत.

प्रश्न : मी स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. क्रा कालव्याचं काम रनोंगमध्ये सुरू झालं असं एका व्हिडिओत ऐकलं. खरं आहे का? - एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : नाही. असा कालवा कुठंही खोदला जात नाही. वहीत असं लिहून ठेवा.

क्रा ही संयोगभूमी, म्हणजे दोन समुद्रांमधली चिंचोळी जमीन. रनोंगमधल्या क्राबुरीपाशी ती सगळ्यांत अरुंद आहे, सुमारे 44 किलोमीटर. लातूरहून औशापर्यंत जाऊन परत यावं, एवढं अंतर. इतक्या जमिनीसाठी जहाजांना खाली मलाक्काच्या सामुद्रधुनीतून सिंगापूरला वळसा घालावा लागतो, म्हणून कालव्याची कल्पना फार जुनी आहे. राजा नाराय यांच्या काळात 1677 मध्ये एका फ्रेंच अभियंत्यानं पाहणीही केली होती. पुढं अडथळा डोंगराइतकाच राजकारणाचा झाला. सिंगापूरचा धंदा बसेल याची इंग्रजांना धास्ती. 1897 च्या गुप्त करारानं सयामला बांधून घेतलं, की द्वीपकल्पात तिसऱ्या कुणाला हक्क द्यायचे तर ब्रिटनची संमती हवी. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या 1946 च्या करारात तर ब्रिटनला विचारल्याशिवाय कालवा काढायचा नाही असं स्पष्ट कलमच होतं.

मधल्या काळातली एक गोष्ट अभ्यासक्रमात नसते, पण ती तुम्हाला माहीत असावी. 1943 मध्ये जपान्यांनी चुंफोनपासून रनोंगच्या बाजूला सुमारे 90 किलोमीटरची रेल्वे काही महिन्यांत टाकली, ब्रह्मदेशातल्या सैन्याला रसद पोचवायला. त्यावर राबवलेल्या मजुरांत मलायाच्या रबरमळ्यांतून आणलेले तमिळ मजूर पुष्कळ होते. क्वाय नदीवरच्या पुलाची रेल्वे जगाला माहीत आहे. ही दुसरी रेल्वे फारशी कुणाला माहीत नाही, आणि त्या मजुरांची नावं कुठल्या फलकावर मी पाहिलेली नाहीत.

सध्या चर्चा आहे ती 'लँड ब्रिज'ची. रनोंगच्या आओ आंगला एक बंदर, चुंफोनच्या लेम रिउला दुसरं, आणि मध्ये सुमारे 90 किलोमीटरचा महामार्ग आणि रेल्वे. जहाजातला माल उतरवायचा, जमिनीवरून न्यायचा, पलीकडं पुन्हा चढवायचा. खर्चाचा अंदाज सुमारे एक लाख कोटी बाट सांगितला गेला आहे. किनाऱ्यावरचे मच्छीमार आणि बागायतदार त्याला विरोध करतात. कालवा आणि लँड ब्रिज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, परीक्षेत गल्लत करू नका.

प्रश्न : आमचा अंबाजोगाई जिल्हा कधी होणार, हे आम्ही लहानपणापासून ऐकतो. थायलंडमध्येही जिल्हे फोडतात का? - एक निवृत्त लिपिक, अंबाजोगाई

उत्तर : फोडतात, पण क्वचित. सगळ्यांत नवा चांगवात 2011 चा, नोंग खाय प्रांतातून काढलेला बुएंग कान, मेकाँग नदीकाठचा. त्यासाठी संसदेत कायदा करावा लागतो. तालुक्यांचं तसं नाही. 2007 पर्यंत आधी दुय्यम दर्जाचा अम्फो करून काही वर्षं चालवत आणि मग पूर्ण दर्जा देत. रनोंगचा सुक समरान असाच, कपोमधून वेगळा काढलेला. 2007 मध्ये देशभरातल्या अशा सगळ्या दुय्यम अम्फोंना एकदमच बढती मिळाली. आपल्याकडं जालना 1981, लातूर 1982, हिंगोली 1999. दोन लाखांच्या आतल्या वस्तीला तिकडं स्वतंत्र राज्यपाल आहे आणि आमच्या तालुक्यांना कलेक्टर कचेरीसाठी दीड-दोन तास एसटीत काढावे लागतात, हा मुद्दा तुमच्या निवेदनात घालायला हरकत नाही. मलाही तो रास्त वाटतो.

प्रश्न : मी नववीत आहे. आमच्या तेरचा माल रोमला जात होता असं सर सांगतात. थायलंडलाही जात होता का? - एक विद्यार्थिनी, तेर (जि. धाराशिव)

उत्तर : बाळ, फार चांगला प्रश्न विचारलास.

तुझे सर सांगतात त्याचा पुरावा 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासपुस्तिकेत आहे. त्यात लिहिलंय, की भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे तुझं तेर. पैठणहून गोमेदासारखे पट्टेदार दगड आणि तेरहून कापड व मलमल गाड्यांतून भडोच बंदराला जायचं. हा झाला पश्चिमेकडचा रस्ता.

आता पूर्वेकडं बघ. रनोंगच्या सुक समरान तालुक्यात फू खाओ थोंग नावाची जागा आहे. 'सोन्याचा डोंगर' असा त्याचा अर्थ. तिथं दोन हजार वर्षांमागची वस्ती सापडली. तिथल्या मातीतून दगडाचे आणि काचेचे मणी निघाले, हिंदुस्थानी बनावटीची नक्षीदार खापरं निघाली, आणि एका खापराच्या तुकड्यावर तमिळ-ब्राह्मी लिपीतली अक्षरं. ते खापर दुसऱ्या शतकातलं मानतात. म्हणजे तुझ्या तेरला सातवाहनांच्या काळात विटांचं चैत्यगृह उभं होतं, त्याच सुमारास बंगालचा उपसागर ओलांडून आपली माणसं रनोंगच्या किनाऱ्याला लागत होती. खापरावरची अक्षरं दक्षिणेतली आहेत, त्यामुळं जहाजं तमिळ किनाऱ्यावरची. तेरचं नाव असलेली वस्तू तिथं मिळालेली नाही, तेव्हा वहीत 'तेरचा माल थायलंडला गेला' असं लिहू नकोस. 'तेर ज्या व्यापाराचं केंद्र होतं, त्याच काळातला व्यापार थायलंडच्या किनाऱ्यापर्यंत पोचला होता' असं लिही.

रनोंगच्या शेजारच्या फांग-न्गा प्रांतात ताकुआ पा इथं नवव्या शतकातला एक तमिळ शिलालेख सापडला आहे. त्यात राजाच्या लढाईचं वर्णन नाही. एक तळं बांधलं आणि ते मणिग्रामम या व्यापाऱ्यांच्या श्रेणीच्या, म्हणजे संघाच्या, रक्षणात दिलं, एवढंच त्यात आहे. तळ्याचं नावही आहे, अवनिनारणम्. ताकुआ पालाही रनोंगसारखाच धो धो पाऊस. तरीही तिथल्या माणसांनी तळं खोदलं. मला वाटतं, उन्हाळ्याचे ते चार महिने त्यांनी अनुभवले असणार. आपल्या गावच्या बारवेवरही असाच कुणीतरी दगड कोरून ठेवलेला असतो, बघ कधी.

आणि आता एक काम. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात काचेखाली मणी मांडलेले आहेत. मी मुलांना घेऊन दोनदा आले होते. पट्टेदार दगडाचा, ज्वारीच्या दोन दाण्यांएवढा मणी घे आणि भोक नीट बघ. ते एका बाजूनं पाडलेलं नसतं. दोन्ही टोकांनी पाडत आणतात आणि मध्ये जुळवतात, त्यामुळं उजेडात धरलं तर आत मधोमध जरासा कंगोरा दिसतो. कारागिराचा हात तिथं दिसतो. संग्रहालयातले साहेब दाखवतील, विनंती कर.

तुमच्या गावच्या पांढरीत पहिला मोठा पाऊस झाला की असे मणी अजून वर येतात. कुणाला सापडला तर तो गळ्यात घालायला किंवा विकायला नेऊ देऊ नकोस. कुठल्या शेतात, कुठल्या बांधाजवळ सापडला ते कागदावर लिही, आणि मणी व कागद दोन्ही संग्रहालयात नेऊन दे. जागा कळली तरच मणी बोलतो. आणि मलाही एक पोस्टकार्ड टाक.